पहार अडते तिथे

माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा. मातीचं सर्वेक्षण आणि पाणलोटाची कामं करता करता माझी नोकरीची बहुतेक वर्षं इथल्या माळांवर गेली. गावोगाव प्रश्न एकच असायचा, "साहेब, या माळात काय होईल?" या प्रश्नाचं उत्तर वरच्या मातीचा रंग बघून द्यायची सवय शेतकऱ्याला असते, तशी अधिकाऱ्यालाही असते. पण माळाचा निकाल वीतभर ते हातभर खाली लागतो, जिथे पहार अडते तिथे. ती कशावर अडली, हे ओळखता आलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. त्या ओळखीचे हे काही धडे.

१. माळ कडेने वाचावा

उभ्या माणसाला माळ सपाट आणि एकसारखा दिसतो. त्याचं खरं रूप बघायचं तर रस्त्यासाठी फोडलेली दरड, ओढ्याचा तुटलेला काठ किंवा नवी विहीर गाठावी. वर वीतभर तपकिरी, गोट्यांनी भरलेली माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि त्याच्या भेगांतून उतरलेल्या चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मग मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा दगड. त्या पोकळ्यांत पांढरी-हिरवट खनिजं भरलेली. त्याखाली काळा पाषाण, जिथे घणाचा आवाज बदलतो. आणि मध्येच कुठेतरी गेरूचा लालभडक पट्टा.

हा सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा पसारा. तो एकदाच वाहिला नाही. थरावर थर येत गेले. आज दख्खनवर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. प्रत्येक थर थंड होताना वायूचे बुडबुडे वरच्या भागात अडकले, तिथे मांजऱ्या झाला. मधला भाग घट्ट थिजला, तो पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे जो लाल चिकट पट्टा राहिला, तो पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. विहिरी खणणाऱ्या माणसांना हे पाठ असतं. गेरूच्या वरच्या अंगाला पाझर फुटला की ते शेतमालकाकडे बघून हसतात. भूजलाचा नकाशा हातात नसतानाही त्यांचे अंदाज खरे ठरताना मी पाहिले आहेत.

२. कठीण दिसणारं सगळं एका जातीचं नसतं

"खाली कडक लागतंय" असं शेतकरी सांगतो तेव्हा ते कडक चार तऱ्हांचं असू शकतं. चारींवर उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर पैसे तर जातातच, कधी कधी जमीनही जाते.

पहिलं, नुसती वाळलेली चिकणमाती. उन्हाळ्यात ती विटेसारखी लागते, पण त्यातलं ढेकूळ रात्रभर पाण्यात ठेवलं की सकाळी भांड्याच्या तळाशी गाळ होऊन बसतं. तिच्यात काही जोडलेलं नसतं. ती फक्त सुकलेली असते.

दुसरं, नांगराच्या तासाखाली तयार झालेला थर. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर आणि वरून ट्रॅक्टरचं वजन, यामुळे सहा ते दहा इंचांवर माती दाबली जाते. काडी खुपसत नेली तर एका ठरावीक खोलीवर अडते आणि तो पातळ थर ओलांडला की पुन्हा सहज जाते. पिकाची मुळंही तिथे आडवी वळलेली सापडतात. हा थर माणसाने केलेला आणि फक्त कसलेल्या जमिनीत असतो. कधीच न नांगरलेल्या माळावर तो शोधू नये.

तिसरं, चुन्याचा थर. खडा रात्रभर भिजवला तरी तसाच. मात्र त्यावर लिंबू पिळलं किंवा सौम्य आम्लाचे थेंब टाकले की फसफसून फेस येतो. कुठे त्याचे सुटे कंकर असतात, कुठे मुरमाच्या भेगा भरून सलग पापुद्रा झालेला असतो.

चौथं, मुरूम आणि खडक. हा जमिनीत तयार झालेला थर नव्हे. जमीन याच्यापासून तयार होते आहे.

ज्वालामुखीच्या कोरड्या प्रदेशांत आणखी एक पाचवी जात असते, ती आपल्याकडे सहसा भेटत नाही. अमेरिकेत नेवाडा आणि आयडाहोच्या चराऊ रानांत, मेक्सिकोच्या मध्य पठारावर मातीखाली असा थर लागतो की जो पाण्यात भिजवला तरी सुटत नाही आणि आम्लातही विरघळत नाही. तिथल्या मातीत ज्वालामुखीची काचेसारखी राख भरपूर असते. तिच्यातली सिलिका विरघळून खाली उतरते आणि कण एकमेकांना चिकटवून टाकते. मेक्सिकोत अशा कडक थराला 'टेपेटाटे' म्हणतात आणि तो यंत्रांनी फोडून तिथे पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केली गेली आहेत. दख्खनमध्ये राखेपेक्षा वाहता लाव्हा कितीतरी जास्त, म्हणून आपल्याकडचं चिकटवण्याचं काम मुख्यतः चुन्याने केलं. परदेशातला उपाय इथे उचलून आणण्याआधी हा फरक ध्यानात ठेवावा.

३. चुना कुठे थांबला ते बघितलं की पावसाचा स्वभाव कळतो

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून माणदेशातली दहिवडी जेमतेम शंभर किलोमीटर, आणि तिथे पावसाची सरासरी पाचशेच्या आसपास. खडक दोन्हीकडे एकच, बेसॉल्ट. पण महाबळेश्वरच्या पावसाने खडकातला कॅल्शियम केव्हाच धुऊन समुद्राला नेला. मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं, त्याचा जांभा झाला. माणदेशात पाणी खाली उतरतं, पण निघून जाण्याइतकं नसतं. ते जिथवर पोचतं तिथे सुकतं आणि सोबत आणलेला चुना तिथेच टाकतं.

त्यामुळे खड्ड्यात पहिला पांढरा पट्टा दिसला की मी टेप लावतो. पाऊस बहुतेक वर्षी कुठवर पोचतो, याची ती मोठ्या मुदतीची नोंद असते. पर्जन्यमापक चार वर्षं बंद पडला तरी ही नोंद चालू असते. मात्र उतारावर वरची माती वाहून गेली असेल तर तोच पट्टा आज पृष्ठभागाजवळ आलेला दिसतो. पांढरे खडे उघड्यावर विखुरलेले दिसले की तिथला पाऊस कमी झाला असं समजू नये. माती गेली असं समजावं.

४. पावसाचे आकडे सांगण्याआधी मातीची खोली सांगावी

दुष्काळाच्या बैठकीत प्रत्येक जण मिलिमीटर सांगतो. इंचात खोली कुणी सांगत नाही. हिशेब मात्र सोपा आहे. एक फूट चांगली भारी माती पिकाला साधारण ४५ मिलिमीटर पाणी देऊ शकते. माळावर त्या फूटभरात निम्मी जागा मुरूम-गोट्यांनी अडवलेली, म्हणजे उरलं वीस-बावीस. भर वाढीतलं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी ओढतं. पाऊस थांबल्यापासून पाचव्या दिवशी माळावरचं पीक माना टाकतं, ते याच हिशेबाने. जुलै-ऑगस्टमधला दोन-तीन आठवड्यांचा खंड इथे नेहमीचा. वर्षाची सरासरी गाठली गेली तरी या माळाला त्याचा उपयोग नसतो.

खाली ओढ्याच्या काठी याच माळाची वाहून आलेली काळी माती मीटर-दीड मीटर साठलेली असते. ती दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी धरते. मंगळवेढ्याची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर, पुढे थेंब न पडता पिकते, ती याच खोलीच्या जिवावर. एकाच गावात, एकाच पावसात वरच्या वस्तीला दुष्काळ आणि खालच्या वस्तीला सुकाळ असतो. पंचनामा करताना गावाचा एक आकडा लावणारे या दोघांनाही न्याय देत नाहीत.

५. प्रत्येक थर फोडायचा नसतो

जमीन खोलवर चिरणारा सबसॉयलर आला आणि लोकांना वाटलं, कडक थरांचा प्रश्न संपला. नांगराखालच्या दाबलेल्या थरासाठी हे अवजार खरंच उत्तम. अट एकच: एप्रिल-मेमध्ये, माती खोलवर कोरडी असताना चालवावं, म्हणजे थर तडकून फुटतो. ओल्या काळ्या रानात चालवलं तर नुसती चीर पडते आणि तिच्या भिंती आणखी गुळगुळीत होतात.

चुन्याच्या थराचं वेगळं आहे. जमीन सपाट करायच्या नादात यंत्राने तो उलथून वर आणला की वरची माती चुन्याने भरते. मग लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. भुईमूग, ऊस, डाळिंब, काहीही लावा, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतो केवडा पडला, आणि दरवर्षी फवारणीचा खर्च मागे लागतो. ज्यांना असा थर आहे त्यांना मी सांगतो, खड्ड्यापुरता फोडा, फोडलेला माल बाहेर टाका आणि खड्डा वरच्या मातीने व शेणखताने भरा.

आणि मुरूम? तो तर कित्येकदा देणगी असतो. सांगोला-आटपाडीत डाळिंब वाढलं ते याच हलक्या जमिनीवर, कारण डाळिंबाच्या मुळांना पाणी साचलेलं चालत नाही आणि मुरूम पाणी साचू देत नाही. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था २००९ मध्ये स्थापन झाली, तीही अशाच खडकाळ माळावर. तिथे खडक फोडून, चर काढून, मुरूम आणि काळी माती वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून फळझाडं लावण्याचे प्रयोग झाले आहेत. माळावर बाग होत नाही असं कुणी म्हणू नये. पण ती बाग पाण्याच्या खात्रीवर आणि खड्ड्याच्या खर्चावर उभी असते, हेही सांगावं.

६. गवत हा माळाचा सातबारा

खणायला वेळ नसेल तर मी गवत बघतो. पवन्या, मारवेल आणि डोंगरी गवताची ठोंबं दाट असतील तर खाली माती शाबूत आहे आणि चराई बेतात आहे. ही बहुवर्षायू गवतं. त्यांची मुळं मुरमाच्या भेगांत उतरतात आणि दरवर्षी थोडी मरून तिथेच कुजतात. फटीत माती तयार होते ती अशी.

जनावर आधी गोड गवत खातं. ते वारंवार मुळापर्यंत खाल्लं गेलं की कुसळी वाढते. कोवळी असेपर्यंत तीही चारा आहे, पण कुसळं आली की ती मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतात. त्याही पुढची पायरी म्हणजे तरवड. तरवडाला जनावर तोंड लावत नाही, म्हणून सगळं खाल्लं गेल्यावर तोच उरतो. त्याची पिवळी फुलं डोळ्यांना कितीही बरी वाटली तरी माळभर फक्त तरवड दिसला तर ती जमीन थकलेली आहे असं खुशाल समजावं. आणि तरवडाच्याही मधे उघडी, पापुद्रा धरलेली माती दिसत असेल, तर तिथे आधी चराई थांबवावी आणि मग बाकीचं बोलावं.

७. दगड वेचून ढीग लावू नयेत

माळ स्वच्छ दिसावा म्हणून बारीक गोटे वेचून बांधाला टाकायची हौस सगळीकडे आहे. औताला अडणारे मोठे धोंडे काढावेच लागतात. पण बारीक दगडांचं पांघरूण त्या जमिनीने स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेलं असतं. वळवाचा टपोरा थेंब दगडावर फुटतो. उघड्या मातीवर पडला तर माती उडवतो, बारीक कणांनी छिद्रं बुजवतो आणि वर पातळ पापुद्रा बसतो. मग पुढचा पाऊस मुरायचा सोडून वाहतो. दगडाखालची ओलही उशिरा उडते. कडक उन्हात हाताएवढा दगड उलटून बघा. आजूबाजूची माती राख झालेली असते आणि दगडाखाली गारवा असतो.

एका शेतकऱ्याने हौसेने सगळा माळ चाळून घेतला होता. पहिल्याच वळवात त्याची वरची माती बांध ओलांडून शेजाऱ्याकडे गेली. शेजाऱ्याने परत दिली नाही, हे सांगायला नको.

८. मेंढरं किती, यापेक्षा ती कधी

माळावर गर्दीचा दोष नेहमी धनगरावर येतो. दख्खनी मेंढी, माडग्याळ मेंढी, खिल्लार बैल ही या कोरड्या माळानेच घडवलेली जनावरं. पावसाळ्यानंतर कळप कोकणच्या वाटेला लागतात आणि मृगाच्या सुमाराला परततात. म्हणजे उन्हाळ्यात, गवत सर्वांत दुबळं असताना, माळाला मोकळीक मिळते. ही व्यवस्था कुठल्याही खात्याने आखलेली नाही.

एका म्हाताऱ्या मेंढपाळाला मी विचारलं होतं, "आबा, पावसात कळप कुठं ठेवता?" ते म्हणाले, "पाऊस पडला की मेंढरू वर टेकाडाला, दगडात. खाली काळ्यात न्यायचं नाय. खुरानं रान बांधून जातंय." मृदाशास्त्राच्या पुस्तकात ओल्या चिकणमातीवर दाब आला की तिची छिद्रं मिटतात, असं लिहिलेलं असतं; आबांना ते माझ्याआधी माहीत होतं. गायरानाचे नियम करताना मी तेव्हापासून जनावरांच्या संख्येआधी दिवस ठरवतो: पहिल्या चांगल्या पावसानंतर गवत वीतभर होईपर्यंत बंदी, आणि मग आळीपाळीने तुकडे. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत विळ्याने कापून न्यायचं ठरवलं. त्यातून चारा कसा वाढतो, हे जाऊन बघण्यासारखं आहे.

९. चर आणि झाडं, दोन्हींना जागा असते

माळ मोकळा दिसला की तिथे काहीतरी करायलाच हवं, असं आपल्याला वाटतं. सलग समतल चर खणायचे, झाडं लावायची. मुरमाचा उघडा बोडका उतार असेल तर चर चांगलं काम करतो, कारण मुरूम पाणी पितो. त्याच मुरमामुळे शेततळ्याला प्लास्टिकचा कागद लागतो आणि त्याच मुरमावर बांधलेला पाझर तलाव खालच्या विहिरींना पाणी देतो. काळ्या मातीच्या तळावर बांधलेला तलाव मात्र नावालाच पाझर. त्यातलं पाणी उन्हाने जातं.

पण जिथे वीतभर मातीवर पवन्या-मारवेल दाट उभं आहे, तिथे चर खणणं म्हणजे शतकांत साठलेली ती वीतभर माती उपसून तिच्यावर मुरूम पसरणं. उथळ माती आणि खाली चुन्याने भेगा बुजलेला तळ मिळून इथे परातीसारखं काम होतं: पाऊस थोडा वेळ तळावर थांबतो आणि गवताची दाट मुळं तो लगेच टिपतात. झाडाला पुरेल इतकं त्यात नसतं, गवताला पुरतं. म्हणून इथे निसर्गाने गवत ठेवलं आणि त्याच्या भरवशावर काळवीट, चिंकारा, लांडगा आणि माळढोक राहिले. सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी झालं. त्या पक्ष्याला झाड नको असतं, उघडा गवताळ माळच हवा असतो. अशा जमिनीला कागदावर पडीक म्हटलं की तिथे कारखाना, सौर पॅनेल किंवा वृक्षारोपण यांपैकी काहीही बसवायला मन मोकळं होतं. ती पडीक नसते. तिचं पीक गवत असतं आणि ते कापायला मेंढरं येतात, एवढंच.

१०. आधी खड्डा, मग अंदाजपत्रक

या सगळ्याचा उपयोग कामाला लागण्याआधी झाला तरच. मी गावांना एवढाच क्रम सांगतो. माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याला असे तीन खड्डे घ्या, पहार अडेपर्यंत. अडली त्या खोलीला टेप लावा. अडली तिथला खडा रात्रभर पाण्यात ठेवा. विरघळला तर माती, नाही विरघळला तर त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर चुना, नाहीतर मुरूम किंवा दगड. खड्ड्याच्या भिंतीत मुळं कुठवर गेली आहेत आणि कुठे आडवी वळली आहेत, ते बघा. मग हातात गावचा नकाशा घेऊन प्रत्येक तुकड्यावर खोली लिहा: वीत, हात, पुरुष. जिथे वीत लिहिलं तिथे गवत, जिथे हात लिहिलं तिथे बाजरी, मटकी, हुलगा किंवा पाण्याची सोय असेल तर फळझाड, आणि जिथे पुरुषभर खोली आहे तिथे रब्बीची ज्वारी. चर, तलाव आणि यंत्रं यांची चर्चा यानंतर.

या तीन खड्ड्यांना दोन माणसांचा अर्धा दिवस लागतो. जेसीबीच्या एका तासाचं भाडं त्या मजुरीपेक्षा जास्त आहे, आणि तो माळावर आला की एका तासात परत जात नाही.